मदत हवी आहे: इलेक्ट्रोडवरचं पेडॉट सलाईनमध्ये सुटून राहिलं

वर्धारोडवाला: तातडीचं आहे. उंदराच्या मेंदूत बसवायच्या इलेक्ट्रोडवर पेडॉट-पीएसएस (वीज वाहणारं पॉलिमर) चढवून राहिलो. थर छान निळा-काळा येतो, इम्पिडन्सही (विजेला होणारा अडथळा) धाडकन उतरतो. पण सलाईनमध्ये ठेवलं की मायक्रोस्कोपखाली कडेनं कांद्याच्या पापुद्र्यासारखं उचललेलं दिसतं. सोनिकेटर (ध्वनिलहरींनी हलवणारं यंत्र) लावला तर सगळंच जातं. एथिक्सची परवानगी आली, सर्जरीची तारीखही ठरली. खात्रीचा उपाय सांगा.

काचनळी: धातू कोणता? टोकाचं क्षेत्रफळ किती? करंट किती?

वर्धारोडवाला: नेहमीचीच तार, ५० मायक्रॉन. करंट स्थिर ठेवतो. उपाय सांगा ना भाऊ.

काचनळी: स्टील, टंगस्टन, प्लॅटिनम-इरिडियम, सगळ्या नेहमीच्याच तारा आहेत. यातली कोणती?

वर्धारोडवाला: टंगस्टन. मेंदूत शिरताना वाकत नाही म्हणून.

काचनळी: मग गोम तिथेच आहे. इडॉटचं (ज्यापासून पेडॉट बनतं ते रसायन) पॉलिमर व्हायला सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत ०.९ व्होल्टच्या आसपास जावं लागतं. तिथवर टंगस्टनवर ऑक्साइड धरतो आणि तुमचं पेडॉट त्या ऑक्साइडवर बसतं, धातूला धरत नाही. तार बदला.

धंतोलीचे काका: हे न्यूरालिंकसारखंच ना, ती मेंदूत चिप बसवणारी कंपनी? माझ्या मोठ्या भावाला पार्किन्सन आहे, डॉक्टरांनी डीबीएस (मेंदूत तार बसवून विजेची स्पंदनं देणं) सुचवलंय. त्याच्या डोक्यातली तारही अशी सोलून निघेल का हो?

विदर्भन्यूरो: नाही काका, काळजी करू नका. डीबीएसच्या लीडला प्लॅटिनम-इरिडियमच्या उघड्या कड्या असतात, हे कोटिंग नसतं. ती लीड मेंदूला विजेची स्पंदनं देते, इथे पेशींचे सिग्नल टिपायचे आहेत. न्यूरालिंकनं २०१९ च्या लेखात पेडॉट-पीएसएस आणि इरिडियम ऑक्साइड दोन्ही वापरले होते. वर्धारोडवाला, पेडॉट सोडा, इरिडियम ऑक्साइड करा. टिकतं.

काचनळी: त्यांना स्पाइक (पेशींचे विजेचे सिग्नल) रेकॉर्ड करायचे आहेत. १ किलोहर्ट्झला इम्पिडन्स खाली आणायला पेडॉटच सरस. एक धातू चुकला म्हणून पॉलिमरलाच का हाकलता?

विदर्भन्यूरो: सरस आहे, पण मेंदूत राहिलं तर! महिनाभरानं थरच उरला नाही तर कमी इम्पिडन्स काय चाटायचाय?

पातळथर: दोघंही थांबा, करंटचा आकडा अजून आलाच नाही. ५० मायक्रॉनच्या सपाट टोकाचं क्षेत्रफळ सुमारे २००० चौरस मायक्रॉन. चौरस सेंटिमीटरला ०.५ मिलिअँपिअर धरलं तर फक्त १० नॅनोअँपिअर होतात. किती देता, किती वेळ? थर जाड झाला की पाण्यात फुगतो, ताण येतो आणि कडेपासून सुटतो. प्लॅटिनम-इरिडियम घ्या, सल्फ्युरिक ॲसिडमध्ये सायकल करून (व्होल्टेज वर-खाली फिरवून) स्वच्छ करा, वर खडबडीत प्लॅटिनमचा थर द्या, मग पातळ पेडॉट. खडबडीत पृष्ठभागात पॉलिमर रुतून बसतं.

उकाडा४६: इडॉट फ्रीजमध्येच ठेवता ना? आपल्याकडे मे महिन्यात बाटली टेबलावर राहिली की रंग चढतो. ताजं द्रावण करत जा.

वर्धारोडवाला: फ्रीजमध्येच आहे, त्याचा इथे संबंध नाही. करंट ५० नॅनोअँपिअर, १० मिनिटं.

पातळथर: म्हणजे ३० मायक्रोकूलॉम. एवढ्याशा टोकाला हे फार झालं. १० नॅनोअँपिअरवर एक मिनिट देऊन बघा. चार्ज पन्नासपटीनं उतरेल. १ किलोहर्ट्झचा आकडा आधी, नंतर आणि सलाईनमधून काढल्यावर, तिन्ही वेळचा इथे टाका.

वर्धारोडवाला: आज रात्रीच करतो. नागपुरात कोणाकडे प्लॅटिनम-इरिडियमची तार आहे का? हातभर तुकडाही चालेल, येऊन घेऊन जाईन.

काचनळी: आहे, पण ७५ मायक्रॉनची. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.


धंतोलीचे काका: डीबीएसची बॅटरी किती वर्षं जाते, तेही कोणी सांगा.