परदेशी पाहुणे येतायत, व्हिसा फॉर्मवर अडकलोय. उद्यापर्यंत उत्तर हवंय

नेवासेफाटा:
सलाम. तिकडची ९ जणांची टीम जानेवारीत १२ दिवसांसाठी येतेय. तिकिटं काढून झाली. आता फॉर्ममध्ये 'येण्याचं कारण' आणि 'भारतातली ओळखीची व्यक्ती' या दोन रकान्यांपाशी गाडी अडलीय. रोज रात्री दीडला फोन, "काय लिहू?" पाळकसाहेब म्हणतात तरुण संघाने बघावं. तरुण संघ म्हणजे मी. काय लिहायचं तेवढं सांगा. गूगल करा म्हणू नका, तेच करून बसलोय.

खडूस_कारकून:
कसली टीम? कुठल्या देशातून? येऊन करणार काय? कबड्डीचीही टीमच असते.

नेवासेफाटा:
चर्चची हो. 'सलाम' आणि 'पाळकसाहेब' वाचून कळेल असं वाटलं. अमेरिका, मॅसॅच्युसेट्स. त्यांच्या मंडळीशी आमचं जुनं नातं आहे.

वसईचा_मामा:
एवढं काय त्यात? टुरिस्ट लिहून मोकळा हो. ई-व्हिसा घरबसल्या येतो. आमच्याकडे जर्मनीचे लोक दोनदा येऊन गेले, सुकेळी खाऊन, गाणी म्हणून परत. कोणी विचारलं नाही.

खडूस_कारकून:
मामा, कोणी विचारलं नाही म्हणजे चालतं असं नसतं. नेवासेफाटा, १२ दिवसांचा कार्यक्रम टाका. त्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

शेवगावची_आत्या:
मॅसॅच्युसेट्स वाचलं आणि राहवलं नाही. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचं मूळ तिथलंच. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, तर कंपनी सरकारने लगेच 'चालते व्हा' म्हणून सांगितलं. दोघे गुपचूप निघाले, पार कोचीनपर्यंत पोचले, तिथून त्यांना परत मुंबईला आणलं. पुढे अर्जविनंत्या करून राहायला मिळालं. मिशन नगरला आलं ते १८३१ साली. तेव्हा परवानगीचा घोळ तुझ्या पाहुण्यांच्या घराण्यातच आहे रे बाळा.

नेवासेफाटा:
आत्या, भारी. पण हॉलसाहेबांना रात्री दीडला फोन करणारं कोणी नव्हतं.

बोस्टनची_सून:
मी इथेच राहते म्हणून सांगते. डीएस-१६० फॉर्म काळजीपूर्वक भरा, मुलाखतीला बँकेचे कागद न्या, आणि परत येणार हे पटवून द्या. माझ्या सासूबाईंना दुसऱ्या खेपेला मिळाला.

खडूस_कारकून:
ताई, तो अमेरिकेला जाण्याचा. हे लोक तिकडून इकडे येतायत.

बोस्टनची_सून:
अगंबाई. असू दे, कुणाला तरी उपयोगी पडेल.

नेवासेफाटा:
कार्यक्रम: रविवारी त्यांचे पास्टर उपदेश करणार. तीन दिवस मुलांची बायबल शाळा. बालवाडीच्या भिंती रंगवणं. त्यांच्यात एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत, त्यांचं तपासणी शिबिर. येताना ५ जुने लॅपटॉप आणणार, आणि चर्चच्या पत्र्यांसाठी देणगी. टीममधल्या एका बाईंकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे, तिची चिंता नाही. आता सांगा, कारण काय लिहू?

खडूस_कारकून:
हे आधी सांगायचं ना! भिंती रंगवणं ई-टुरिस्टवर बसतं. एक महिन्यापर्यंतचं बिनमोबदल्याचं स्वयंसेवी काम त्यात चालतं. उपासनेला येऊन बाकावर बसणं, गाणी म्हणणं, यालाही आडकाठी नाही. पण उपदेश, धार्मिक स्थळी भाषण, पत्रकं वाटणं हे त्या व्हिसावर बसत नाही. मुलांची बायबल शाळा त्याच पंगतीत. त्यासाठी मिशनरी व्हिसा असा वेगळा प्रकार आहे. तो ऑनलाइन ई-व्हिसात येत नाही, वकिलातीकडे अर्ज करावा लागतो. बोलावणाऱ्या संस्थेचं पत्र लागतं: कुठे, किती दिवस, काय काम.

आणि जिची चिंता नाही म्हणता तिचीच करा. ओसीआयवाल्यांनाही मिशनरी कामाला वेगळी परवानगी लागते. डॉक्टरांना इथे रुग्ण तपासायचे तर वैद्यकीय आयोगाची परवानगी हवी, फुकट शिबिर असलं तरी.

देणगीचं: तुमच्या संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्यासाठीची, नोंदणी आहे का? नसेल तर एक रुपया घेऊ नका. परदेशी माणसाने दानपेटीत रुपयांची नोट टाकली तरी ती परदेशी देणगीच. लॅपटॉपही त्यातच धरतात.

वसईचा_मामा:
झालं, घाबरवलंत पोराला. पाहुण्याने चर्चमध्ये आपल्या श्रद्धेची दोन शब्द साक्ष दिली तर काय आभाळ कोसळतं? आमच्याकडे सगळ्यांनी दिली.

खडूस_कारकून:
आभाळ तुमच्यावर नाही कोसळत. कोसळलं तर त्या बिचाऱ्यांवर, पुढच्या वेळी व्हिसा मागताना. आणि यजमानांवर. मी २६ वर्षं अशाच कागदांवर शिक्के मारलेत.

शेवगावची_आत्या:
भांडू नका. पोरा, उपदेश तुमच्या पाळकांनी करावा, पाहुण्यांनी ऐकावा. त्यांनाही कळू दे आपल्याकडे किती वेळ चालतो ते. नाहीतर संध्याकाळी कीर्तन ठेव. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या नगर जिल्ह्यात येऊन कीर्तन ऐकलं नाही तर काय पाहिलं? आणि गोधड्या काढून ठेव. भारत म्हणजे उकाडा असं समजून ते अर्ध्या बाह्यांचे सदरे घेऊन येतील आणि जानेवारीत नेवाशाला कुडकुडतील.

नेवासेफाटा:
आत्ताच फोन झाला. त्यांचे पास्टर हसून म्हणाले, १२ दिवस उपदेश न करता राहणं हीच माझी सुट्टी. बायबल शाळा आमच्या ताई घेतील, पाहुणे तिथे नसतील. डॉक्टर नुसते भिंती रंगवणार. लॅपटॉप रद्द. पत्र्यांच्या देणगीवर पाळकसाहेब नाराज आहेत, पण नोंदणी नाही म्हटल्यावर गप्प बसले. मग आता टुरिस्टच ना?

खडूस_कारकून:
हो. ओळखीची व्यक्ती म्हणून फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव द्या, आणि जे करणार तेच लिहा. राहणार कुठे?

नेवासेफाटा:
मिशन बंगल्यात. का?

खडूस_कारकून:
मग मुक्कामाचा फॉर्म, पूर्वी सी फॉर्म म्हणायचे तो. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांत ऑनलाइन कळवायचं. फक्त हॉटेलवाल्यांनी नाही, घरी उतरवणाऱ्यांनीही. बंगल्याचं लॉगिन आहे का?

नेवासेफाटा:
आहे. मागचे सेक्रेटरी करायचे. पासवर्ड त्यांच्याकडे. ते मुलाकडे मस्कतला गेलेत.

वसईचा_मामा:
माझा मेव्हणा मस्कतला असतो. नंबर देऊ?