जिनिंगमधून तोंडी काढलं, तीन महिन्यांचा पगार बाकी

काटेवाला (जून 2024; खाली सांगितलेले कामगार कायदे तेव्हाचे, नोव्हेंबर 2025 पासून त्यांच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या)
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) डिसेंबर 2017 पासून काट्यावर होतो. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, पावती फाडून शेतकऱ्याच्या हातात. हंगाम संपला की सरकीच्या गाड्या, पावसाळ्यात शेडची राखण. म्हणजे बाराही महिने. पगार 9,500, रोख, पाकिटात. नेमणूकपत्र नाही, पीएफ नाही.

फेब्रुवारी ते एप्रिलचे 28,500 बाकी. 4 मेला मागितले तर मालकाचा पोरगा म्हणे, "उद्यापासून येऊ नको." आता ऐकतो की मी त्यांचा माणूसच नव्हतो, हमालांच्या ठेकेदाराचा होतो. अरे, सहा वर्षं काट्याच्या खोलीची किल्ली माझ्या करदोट्याला होती! बाबा म्हणतात सोडून दे, आपल्याला कापूस तिथंच न्यायचा आहे. काय करू?

जुना रेचावाला
लेका, पह्यले एक आयक. पैसे देतो म्हणून बोलावतीन आन् कागदावर सही मांगतीन. 'हिशेब चुकता' लिहिलं असन तर सही करू नोको. म्या केली होती, 2,000 रुपयासाठी. कामगार ऑफिसात तोच कागद माह्यासमोर ठेवला त्यायनं.

वर्धेकर वकील
पगार आणि काढून टाकणं, हे दोन वेगळे दावे आहेत. पगारासाठी 1936 चा कायदा, मुदत 12 महिने. काढल्याबद्दल औद्योगिक विवाद अधिनियम 1947, तिथे 3 वर्षे. आधी सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 45 दिवसांत समेट झाला नाही तर थेट कामगार न्यायालयात जाता येतं.

सगळं अडतं ते 240 दिवसांवर. काढण्याआधीच्या 12 महिन्यांत कामाचे तेवढे दिवस भरले असतील (पगारी रविवारही धरतात), तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे 15 दिवसांची भरपाई दिल्याशिवाय कामावरून कमी करता येत नाही. पण दिवस सिद्ध करायचे तुम्हालाच. जिनिंगमध्ये दहा माणसं असतील तर ग्रॅच्युइटीही (नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम) बसते, तुमच्या पगारावर साधारण 32,885. विधी सेवा समितीकडून कामगाराला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

काटेवाला
साहेब, पावतीबुकं सगळी त्यांच्याच कपाटात. मी पुरावा आणू कुठून?

कापूसवाला
पावतीबुकात राह्यते ते कार्बन कॉपी. वरची पावती कोणाजवळ राह्यते भाऊ? आमच्याजवळ! माझ्या घरी युरियाच्या थैलीत चार वर्षांच्या आहेत, तारीख, वजन आणि खाली काटेवाल्याची सही.

वर्धेकर वकील
उत्तम. ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मात्र पावत्यांनी हंगामाचेच दिवस सिद्ध होतील. मे ते ऑक्टोबर 2023 साठी सरकी नेणारे ड्रायव्हर, मालकाचे फोनवरचे मेसेज, जे मिळेल ते जमवा.

काटेवाला
काल तीन घरं फिरलो, 41 पावत्या मिळाल्या. एकीवर चहाचा डाग आहे, तो माझ्याच कपाचा. शेजारच्या काकाकडची पिशवी तर बाबाच घेऊन आले, बोलले काही नाही. सरकीवाल्या ड्रायव्हरचे नंबर जुन्या मोबाईलमध्ये आहेत. त्याचा बारीक पिनचा चार्जर शोधतोय, कोणाकडे असेल तर सांगा.