एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) १९६७: ब्रेक पेडल दुसऱ्या दाबाला वर येतं, पहिल्याला नाही

डिस्कपुढे_ड्रममागे:
पुढच्या कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) सीलं, पॅड आणि तिन्ही रबरी होज घरीच बदलले. नवीन डॉट ४ ब्रेक ऑइल घालून चारही चाकांची हवा काढली, आता बुडबुडा येत नाही. गळती कुठेच नाही. तरी पहिल्या दाबाला पेडल जवळजवळ तळाशी जातं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि घट्ट. मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणारा) गेला का?

लालगाडी६२:
मास्टरच असणार. बदलून टाका.

जुना_पाना:
थांबा, इतक्यात खर्च करू नका. एक सांगा, पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसतं का? बसत नसेल तर मास्टरची सीलं दाब धरताहेत.

मला मागच्या ड्रमचा संशय आहे. पुढच्या डिस्क आपोआप जुळतात, पण मागचे शू (ड्रमला आतून घासून थांबवणारे भाग) या गाडीत हातानेच जुळवावे लागतात. शू आणि ड्रममधलं अंतर वाढलं की पहिल्या दाबातलं ऑइल ते अंतर भरण्यातच संपतं. स्प्रिंग शूंना पुरतं मागे ओढायच्या आत तुम्ही दुसऱ्यांदा दाबता, म्हणून पेडल वर मिळतं. माझ्या गाडीला हेच झालं होतं आणि मी नवा मास्टर बसवूनही पेडल होतं तिथेच राहिलं.

मागच्या ॲक्सलकडे जाणारा रबरी होज गोल कडांच्या होज क्लॅम्पने बंद करा. स्टीलची जाळी असलेला होज असेल तर क्लॅम्प लावू नका. पहिल्याच दाबाला पेडल वर आलं तर दोष मागे.

मग पुढच्या चाकांना अडण, मागची बाजू स्टँडवर, हँडब्रेक सोडलेला. बॅकप्लेटमागचा (शू ज्या थाळीवर बसतात ती) चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर चाक अडेपर्यंत आवळा, पेडल दोनदा दाबा म्हणजे शू मध्यावर येतील, पुन्हा आवळा आणि चाक मोकळं फिरेल इतकाच सोडा. ड्रम उघडलात तर आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये (शूवरचं घासणारं अस्तर) ॲस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसा.

डिस्कपुढे_ड्रममागे:
पेडल धरून ठेवलं तर बसत नाही. क्लॅम्प लावताच पहिल्या दाबाला वर! डावा ॲडजस्टर पार जाम होता. रात्रभर तेल मुरवून, मागेपुढे हलवत सोडवला. दोन्ही बाजू जुळवल्यावर पेडल पहिल्या दाबालाच घट्ट. मास्टरची ऑर्डर रद्द केली.

जुना_पाना:
छान! पुढच्या वेळी हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टरमध्ये पिस्टन कधी न गेलेल्या, गंजलेल्या भागात शिरला तर सील फाटतं. आणि तुमच्या गाडीत चारही चाकांना ब्रेक ऑइलचं एकच सर्किट आहे, एका जागी गळलं तरी सगळे ब्रेक जातात. म्हणून आज पेडल जोरात दाबून धरा आणि प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघा, ओल दिसली तर गाडी बाहेर काढू नका.