फुफ्फुसातल्या गाठीचं मायक्रोवेव्ह अॅब्लेशन : सिम्युलेशनमध्ये अडलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एम.टेक.च्या प्रोजेक्टमध्ये गाडी अडली आहे. इथे बायोमेडिकल, मेकॅनिकल आणि रेडिओलॉजीतले बरेच जण असतात, म्हणून विचारतो. (ही कोणा पेशंटची केस नाही. 'ओळखीचे वैद्य आहेत, नंबर व्यनि करतो' असे प्रतिसाद कृपया नकोत.)

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी: ऑपरेशन झेपणार नाही अशा पेशंटच्या फुफ्फुसात लहान गाठ असेल, साधारण ३ सेंमीपर्यंत, तर सीटीवर बघत बघत बरगड्यांमधून सुईसारखी अँटेना आत घालतात आणि गाठ जागच्या जागी शिजवतात. ६० अंशांच्या वर पेशी जवळजवळ लगेच मरतात. गाठीभोवतीची निदान ५ मिमी कडही जळावी लागते, नाहीतर दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. किती वॅट आणि किती मिनिटं, हे उपकरणासोबतच्या तक्त्यावरून ठरवतात. पण यातले बरेच तक्ते शरीराबाहेर काढलेल्या, प्राण्यांच्या यकृतावर चाचण्या करून बनवलेले असतात. यकृत भरीव आणि फुफ्फुस हवेने भरलेलं, तिथेच घोळ आहे. म्हणून पेशंटच्या सीटीवरूनच आधी गणित करून बघायचं, हा प्रोजेक्ट.

एलआयडीसी या फुफ्फुसांच्या सीटींच्या खुल्या संग्रहातला एक सीटी घेतला. थ्रीडी स्लायसर या सॉफ्टवेअरमध्ये २ सेंमीची गाठ वेगळी केली, ३ मिमीपेक्षा जाड रक्तवाहिन्याही (त्या उष्णता ओढून नेतात), आणि मेश करून (म्हणजे बारीक तुकड्यांत विभागून) कॉमसॉल या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये नेलं. २.४५ गिगाहर्ट्झ, ६० वॅट, १० मिनिटं. शरीरात उष्णता कशी पसरते त्यासाठी पेन्सचं १९४८ चं समीकरण, तापमान आणि वेळेवरून पेशींचा नाश काढण्यासाठी अऱ्हेनियसचं.

आता अडतंय ते असं. जळालेला भाग गाठीभोवती गोलसर यायला हवा, पण अँटेनाच्या दांड्याला धरून मागे छातीच्या भिंतीकडे लांब शेपूट निघतं. शिवाय टोकाजवळ तापमान १७० अंशांच्या पुढे जातं, तेवढं खरं असेल का, शंका आहे.

आणि मूळ दुखणं: फुफ्फुसाचे आकडे कुठले घ्यायचे? ऊतींच्या गुणधर्मांच्या तक्त्यात फुगलेल्या फुफ्फुसाची सापेक्ष पर्मिटिव्हिटी (विद्युत क्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो त्याचं माप) सुमारे २०.५ आणि घनता ३९४ किलो प्रति घनमीटर दिली आहे. हवा निघून गेलेल्याची ४८.४ आणि १०५०. रक्तप्रवाह दर किलोमागे मिनिटाला ४०१ मिली. तो घनतेने गुणला की एकीकडे सेकंदाला ०.००२६ येतो, दुसरीकडे ०.००७. सरांना विचारलं तर म्हणाले, 'पेपरमधली कुठलीही व्हॅल्यू टाक आणि पुढे चल.' मला ते पटत नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

तुमचं न पटणं रास्त आहे. आकडा बदलला की जळालेल्या भागाचा आकार बदलतो, त्यामुळे 'कुठलीही' चालणार नाही.

शेपटीचं आधी बघू. यकृतात २.४५ गिगाहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम १.९ सेंमी असते, फुगलेल्या फुफ्फुसात ती २.७ सेंमीच्या आसपास जाते. यकृतासाठी जुळवलेली अँटेना तिथे बेसूर होते, पॉवर परत फिरते आणि दांड्यावरून मागे तापवत जाते. म्हणजे शेपूट खरंही असू शकतं. पण बहुतेक उपकरणांच्या दांड्यातून थंड पाणी किंवा वायू फिरवतात, ते मॉडेलमध्ये घेतलंत का? ते नसेल तर शेपूट फाजील लांब दिसणारच.

तापमानाचं सोपं आहे. १०० अंशांच्या आसपास पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता विशिष्ट उष्णतेत मिळवा आणि पाणी उडालं की पर्मिटिव्हिटी आणि वाहकता खाली आणा.

फुफ्फुसाला सरसकट एकच आकडा देऊ नका. सीटीतच उत्तर आहे: −८५० हाउन्सफील्ड (सीटीतलं घनतेचं एकक) म्हणजे ढोबळमानाने ८५ टक्के हवा. प्रत्येक ठिकाणची हवा काढा, त्यावरून घनता आणि पर्मिटिव्हिटी द्या. त्या घनतेनेच रक्तप्रवाह गुणा, आणि पेशी मेल्या की तिथला प्रवाह शून्य करा. मात्र निदानाचा सीटी पूर्ण श्वास भरून काढलेला असतो. अॅब्लेशनच्या टेबलावर पेशंट संथ श्वास घेत असतो, तेव्हा हवा त्याहून कमी. मी तुमच्या जागी असतो तर हवा जास्त आणि कमी अशा दोन टोकांना मॉडेल चालवलं असतं. दोन्हीकडे गाठ अधिक ५ मिमी झाकली गेली, तरच ती वॅट-मिनिटं धरायची.

धागाकर्ता

खूप आभार! थंड पाणी घेतलं नव्हतं, आज रात्री तेच लावतो. एकच शंका उरली: गाठीच्या कडेच्या व्हॉक्सेलमध्ये (सीटीतल्या छोट्या त्रिमितीय ठोकळ्यात) गाठ आणि हवा दोन्ही मिसळलेल्या असतात, तिथे −४०० वगैरे येतं. ते अर्धवट फुगलेलं फुफ्फुस धरायचं की गाठच? नेमकी ती ५ मिमी कड तिथूनच मोजायची आहे.