‘वेळ मिळत नाही’ ही सबब आहे, कारण नव्हे

नौपाड्याचे नाना
तीन महिन्यांपूर्वी माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, अजून आत गेला नाहीत. त्या दिवसापासून स्टेशनबाहेरचा वडापाव बंद, चहात साखर नाही, रात्री ज्वारीची भाकरी. चार किलो उतरलो. आता सोसायटीत ज्याला सांगावं तो म्हणतो, "आम्हाला कुठलं जमतंय, वेळच नसतो." अहो, रात्री तलावपाळीला शेवपुरी खायला वेळ असतो ना? आणि उपासाला साबुदाणा खिचडी, वर बटाट्याचे वेफर्स. एकादशी आणि दुप्पट खाशी! माझं म्हणणं स्पष्ट आहे, सबबी बंद करा. हाणा आता मला.

ट्रान्सहार्बरचा प्रवासी
हाणतोच. घोडबंदर रोडला राहतो, ऑफिस महापेला. बस, मग ठाण्याहून वाशीची गाडी, कोपरखैरणेला उतरून शेअर रिक्षा. सातला बाहेर पडतो, परत यायला साडेनऊ. वाटेत पोट भरायला जे हाताशी आणि खिशाला परवडतं ते तेलातलंच असतं. ज्या पैशांत दोन वडापाव येतात त्यात कापलेल्या फळांची एक डिश येते, आणि ती तासाभरात जिरते. तुम्ही रिटायर्ड आहात का हो?

नौपाड्याचे नाना
अजून दोन वर्षं आहेत. आणि भाजलेले चणे-शेंगदाणे डब्यात घ्यायला कितीसा वेळ लागतो?

ट्रान्सहार्बरचा प्रवासी
चणे मान्य. उद्यापासून घेतो. पण गर्दीत डबा उघडून दाखवा.

खारेगावची मावशी
नाना, एक साधा प्रश्न. ती भाकरी थापतं कोण?

वाशीकर
🍿

नौपाड्याचे नाना
बायको.

खारेगावची मावशी
वाटलंच. म्हणजे निर्धार तुमचा आणि परात तिची. मुलांना पोळ्या, तुम्हाला भाकरी, सासूबाईंना मऊ भात, असं तीन तऱ्हेचं रांधून तीसुद्धा लोकल पकडत असेल तर तिनं ‘वेळ नाही’ म्हटलेलं सबबीत धरणार का? आमच्याकडे ह्यांनी दीक्षित डाएट धरलं होतं. दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत. त्यांची दोन जेवणं, बाकीच्यांची चार, ओट्याजवळ मी दिवसभर. सहा आठवड्यांत त्यांनी सोडलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

वाशीकर
मावशींचं पटतं, पण नानांचा मुद्दा त्यानं खोटा ठरत नाही. माझ्यापुरतं सांगतो, मी एकटा राहतो, रविवारी मूग-मटकी भिजवून मोड आणतो, बुधवारपर्यंत पुरते. गुरुवारी मात्र बाहेरून मागवतो, आणि तो निव्वळ आळस. त्याला दुसरं नाव नाही.

आणखी एक. भाकरी खाल्ली म्हणजे झालं असं नाही. तीन भाकऱ्या रेटल्या तर साखर चढणारच. सोबत ठेचा, लोणचं, पापड? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, जेमतेम चहाचा एक चमचा.

नौपाड्याचे नाना
पापड बंद करतो. ठेच्याचं बघू.

मावशी, तुमचं वाचून रात्रभर अस्वस्थ होतो. रविवारी स्वतः परातीला बसलो. पाच थापल्या, पाचही कडेनं फाटल्या, एक तर तव्यावर टाकतानाच दोन तुकडे. हिनं टीव्हीवरून मान वळवली नाही. कुठे चुकतंय?

खारेगावची मावशी
पीठ केव्हाचं आहे? जुन्या पिठाची विरी गेलेली असते, ते फाटणारच. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. कढत पाण्यानं भिजवा, एका भाकरीपुरतं घेऊन तळहातानं रगडून रगडून मळा. आणि आठवड्यापुरतंच दळून आणा.

नौपाड्याचे नाना
पीठ महिन्याचं आहे. दळण कोण आणतं ते आता विचारू नका.