शेफर्ड खातो भरपूर, तरी बारीक होतोय

तुमचा जर्मन शेफर्ड कुत्रा भरपूर खातो तरी हाडं दिसतायत, आणि शी पिवळट, तेलकट, ढीगभर, असं लिहिलंय ना, आमच्या शेरूचं अगदी हेच होतं. आम्ही वेड्यासारखी चार महिने फूडच बदलत बसलो, पेडिग्री झालं, चिकन-भात झाला, घरच्यांनी तर दूध-पोळीही चारली (त्याने अजून बिघडलं). शेवटी दुसऱ्या व्हेटनी (प्राण्यांच्या डॉक्टरांनी) टीएलआय नावाची ब्लड टेस्ट सांगितली, उपाशीपोटी करतात, तेव्हा कळलं की स्वादुपिंड पाचक एन्झाइमच पुरेसे बनवत नाहीये, ईपीआय म्हणतात, शेफर्डमध्ये बरंच आढळतं. मग कुठलंही भारी फूड घाला, पचणार कसं?

आता प्रत्येक जेवणात, अगदी छोट्या खाऊतही, एन्झाइमची पावडर कालवतो, डोस व्हेटनी वजनावर ठरवून दिलाय. उकडलेलं चिकन आणि मऊ भात, दिवसातून तीनदा थोडं थोडं. भोपळा, ओट्स वगैरे फायबरवालं बंद केलं, त्याने एन्झाइमचं काम कमी होतं, आणि हो, बी-१२ व्हिटॅमिन पण तपासून घ्या, आमच्याचं फारच कमी निघालं, इंजेक्शनं लागली. कांदा-लसूण तर कुत्र्याला नकोच. आधी टेस्ट करा, मग फूडचं बघू.