मुलग्यांच्या गटांवर वेळ आणि पैसा घालवावा का?

खटावकर (धागाकर्ता):
१९९१ साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: बायको मारण्यासाठी नसते असं मानणारे पुरुष हवेत. २०५ जणांनी उत्तरं धाडली. त्यातूनच १९९३ मध्ये मुंबईत 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली. माझं म्हणणं एवढंच, की हे काम मोठ्या पुरुषांपर्यंत थांबू नये, सहावी-सातवीतच सुरू व्हावं. मुंबईच्या पालिका शाळांत २००८ पासून 'जेम्स' नावाने असा प्रयोग झालाही.

मी गावातल्या शाळेत शनिवारी मुलग्यांचा गट घेतो. एकजण बहिणीचा डबाही धुतो, पण शाळेमागच्या नळावर, कुणी बघत नाही ना याची खात्री करून. त्याला पुढच्या नळावर आणायचंय मला.

केंद्रावरची ताई:
दादा, काम चांगलंच आहे. पण निधी एकच असतो आणि तो कुठे जातो ते मी रोज बघते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण चारांतल्या एकीने नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलंय. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला एकजण आली, कडेवर पोर, पायात चप्पल नाही. निवारागृहात जागा नव्हती. मुलगे सुधारतील तेव्हा सुधारतील, तिने त्या रात्री झोपायचं कुठे? आधी वकील, निवारा, पोटगी. मग उरलं तर गट.

खटावकर:
ताई, 'मग उरलं तर' म्हणत तीस वर्षं गेली. त्याच पाहणीत देशात स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३. पुरुषाशी कुणी बोलतच नाही, म्हणून सगळा भार बाईच्या अंगावर पडतो.

शेतकऱ्याचा पोरगा:
तुम्हा दोघांनाही मुलगा म्हणजे उद्याचा मारकुटा नवराच दिसतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात पुरुष १,२२,७२४. माझा बाप त्याआधीच्या वर्षांतला. महिनाभर ओट्यावर बसून असायचा, कर्जाचं एका माणसाला बोलला नाही. तिरडी बांधताना चुलत्याने माझे डोळे स्वतःच्या उपरण्याने पुसले आणि म्हणाला, 'आता तूच कर्ता, रडायचं नाही.' मी चौदा वर्षांचा होतो. दहाव्यापर्यंत रडलो नाही, नंतर यायचंच बंद झालं. मारू नका हे शिकवा, जरूर शिकवा. पण बोलायला कोण शिकवणार?

केंद्रावरची ताई:
बाळा, वाईट वाटलं वाचून. हा आकडा बायकांचं तोंड बंद करायला इतक्यांदा फेकला जातो, की मी आधी सावधच होते. तू तसा फेकला नाहीस. पण एक विचारते. कर्तेपण तुझ्याकडे आलं, मग कर्ज कुणी फेडलं? सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं का?

शेतकऱ्याचा पोरगा:
फेडलं आईनेच, दुसऱ्याच्या रानात खुरपून. नाव लागायला सहा वर्षं गेली. ती कागद घेऊन गेली की म्हणायचे, पोराला पाठवा. मी शाळा बुडवून जायचो. मला तिथे काय बोलायचं ते कळायचं नाही, आणि तिला सगळं पाठ होतं. ती बाहेर पायरीवर बसायची.